नानामामा, टकल्याचं काय झालं?

प्रिय नानामामा,

काल दुपारी पुण्याहून कार्ड आलं. टकल्याचं काय झालं ते कळलं! तेच सांगायला संध्याकाळी सोनामावशीच्या ओट्यावर गेलो, आणि तिथं तिनं मला जे ऐकवलं ते ऐकून घरी आलो तो कागद घेऊनच बसलो. तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. रजा काढून गावीच राहिलोय; एवढ्या दिवसांत मी रडलो नव्हतो, म्हणून तुमच्या भाचेसुनेनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला. काल तेही उरकलं.

आता तुम्ही म्हणाल, "भाचेबुवा, जित्ता होतो तेव्हा नगरहून चार ओळी टाकताना तुमचा हात दुखायचा, आणि आता ही लांबण कसली?" कबूल. पण हे पत्र मी आपण होऊन लिहीत नाही. याची सुरुवात एका कावळ्यानं केली.

तुमच्या दहाव्याला तळ्याच्या काठी पिंड ठेवला. बाभळीवर पाच-सहा कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना! मी हात जोडून म्हणालो, "मामा, घर पडू देणार नाही." कावळे गप्प. "मामीच्या नावानं शाळेला घड्याळ देतो." एकानं फांदीवर चोच पुसली, माझे विनोद ऐकून तुम्ही मिशी पुसायचा तशी. तास गेला. लोकांच्या टोप्या उन्हानं तापल्या. शेवटी धोंडू पैलवान पुढं आला आणि आखाड्यात शड्डू ठोकावा तसा गरजला, "नाना! टकल्याचं काय झालं ते हुडकून काढतो! वाचला का मेला, पक्कं कळवतो! गावाचा शबूद हाय!"

मामा, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर!

गायकवाड गुरुजींचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ते फक्त तुमच्यासाठी आले होते. "भुकेला होता तो, दुसरं काही नाही," असं माझ्या कानात म्हणाले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

शब्द गावानं दिला आणि तो पाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पुण्यात टीव्हीवाला मित्र असलेला गावात मी एकटाच. त्याला लिहिलं, "बाबा रे, रविवारी संध्याकाळी ती इंग्रजी मालिका लागते ना, तिच्यात आगीत अडकलेला टकला माणूस पुढं वाचला की मेला, एवढंच उलट टपाली कळव. इकडं एक आत्मा खोळंबलाय."

उत्तर सांगतोच. पण आधी थोडं भांडू द्या. बावीस दिवस झाले, भांडायला कुणी नाही.

आई मला घेऊन माहेरी आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तुम्ही तेव्हा बाजारात बैलांचा लिलाव पुकारायचा आणि गावात दवंडी द्यायचा. घरात खुंटीवर एक वेताची छडी होती. मला वाटलं, ही माझ्यासाठी! "न्हाई रं," तुम्ही म्हणालात, "हिनं मी राक्षस दाखवायचो." तरुणपणी मुक्या सिनेमाच्या तंबूबरोबर तुम्ही जत्राजत्रांतून हिंडला होता. पडद्याशेजारी उभं राहायचं, छडीनं दाखवायचं, आणि राजा, राणी, राक्षस, झालंच तर घोडा, सगळ्यांच्या वाटचं एकट्यानं बोलायचं. "मग सोडलं का?" मी विचारलं.

"राक्षस सोताच बोलाया लागला," तुम्ही म्हणालात, आणि हलगी उचलून दवंडीला निघून गेलात.

दुःख एवढ्या कमी शब्दांत संपवायचं मी तुमच्याकडूनच शिकलो. फरक एवढाच की तुम्ही स्वतःचं संपवायचा आणि मी दुसऱ्याचं.

पुढं जवळजवळ चाळीस वर्षांनी बशीरभाईच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तो जुना टीव्ही आला. दुष्काळ सरून पहिली ज्वारी घरात आली होती, लोकांच्या अंगात हसण्याइतकं बळ आलं होतं. सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघालेली चित्रं आपल्या सुप्याच्या माळावर पोचतात का, हे बघायला बशीरभाई एरियल घेऊन पत्र्यावर चढला आणि सगळं गाव खालून त्याला दिशा द्यायला लागलं.

"जेजुरीकडं घे! अजून जेजुरीकडं!"

"लई झालं! जरा आळंदीकडं ये!"

"आरं, चेहरा आल्ता, गेला की! बशीर, आता हालू नगं, हितंच ऱ्हा जल्मभर!"

चित्र आलं, आवाज आला नाही. आवाजाचा व्हॉल्व्ह गेलेला, आणि तो मिळाला तर पुण्यालाच मिळायचा. चाळीस माणसं गोणपाटावर बसून पडद्यावरची मुंग्यांची गर्दी बघत होती, आणि त्या मुंग्यांमागं कुणीतरी चालत होतं. सगळ्यांत पुढं सोनामावशी. अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेल्या त्या म्हातारीला मोतीबिंदू पिकल्यापासून उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

"काय दिसतंय रं?" तिनं विचारलं.

"मानूस हाय."

"काय करतोय?"

"चाललाय."

"कुठं?"

"आता ते काय त्याला इचारू व्हय, मावशे?"

तुम्ही बॅटरीचे सेल घ्यायला आला होता. दारातच थांबलात. "सोनाक्का, ऐक," म्हणालात, आणि मामा, तुमचा आवाजच बदलला! "निद्रिस्त नगरी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा समयी हा कोण शुभ्रवसन वीर या दगडी भिंतीसमोर उभा? पाहा, पाहा! हात पुढे केला... भिंत नव्हे, जणू पाणी! गेला आरपार!"

तो आवाज दवंडीचा नव्हता, लिलावाचाही नव्हता. तुमच्या घरात वाढून मी तो कधी ऐकला नव्हता. बशीरभाईनं स्वतःची खुर्ची पडद्याशेजारी आणून ठेवली आणि त्या दिवसापासून ती तुमची झाली.

काय रविवार होते ते! त्या पांढऱ्या बुरख्याच्या वीराचं नाव तुम्ही ठेवलंत वज्रभेद, आणि चकाकत्या मुठीची काठी घेऊन फिरणाऱ्या त्याच्या वैऱ्याचं धूर्तसेन. गावानं दोन दिवसांत त्यांचा आरपाऱ्या आणि टकल्या करून टाकला. मग सुरू झालं, बुरख्याआड कोण?

गुरुजी म्हणायचे, "त्यातला तो फौजदार. दुसरं कुणी असूच शकत नाही. फौजदार आणि आरपाऱ्या एकदा तरी एकत्र दिसलेत का? दाखवा!"

पैलवान म्हणायचा, "भूत हाय. जित्ता मानूस भिंतीतनं जातो व्हय?"

"भूत असेल तर परवा चहा कसा प्याला?"

"कप उचाललाता. पेला कुठं? नीट बघा, गुरुजी."

"आता परत कसं बघू? चहाला बोलवू का त्याला?"

बशीरभाईला वेगळीच काळजी. "ह्याला शिंगणापुरात सोडला तर काय करील हो? तिथं दारंच न्हाईत. भिंतीतनं जायाचं कौतुक कुनाला? बेकार व्हईल बिचारा!"

आणि सोनामावशी शांतपणे सांगायची, "टकल्याचा ल्योक हाय त्यो."

"मावशी, तुम्हाला तर दिसत नाही!"

"नाना चाल सांगतो न्हवं? दोघंबी डावा पाय फेकून चालत्यात. तीन पिढ्यांची पोरं माझ्यासमूर पाऊल टाकाया शिकली. नाक आईचं आसंल, रंग मामाचा आसंल, चाल बापाची आस्ती."

हसत होतो मी सगळ्यांना. शनिवारी नागापूरच्या कारखान्यातली कारकुनी आवरून एस.टी.नं गावी यायचो, रविवारी तिसऱ्या रांगेत बसायचो आणि मनातल्या मनात टिपणं काढायचो. आता ती गोष्ट सांगतो जी तुम्हाला ठाऊक आहे आणि मला बोलायची आहे.

नगरच्या साप्ताहिकातल्या माझ्या सदरात मी लिहिलं, "आमच्या गावात एक मुकी पेटी आली आहे आणि तिला एक वकील मिळाला आहे. पेटी जन्माची मुकी, वकील इंग्रजीच्या नावानं आंधळा, आणि अशिलं दोघांवर भरवसा ठेवून गोणपाटावर बसलेली! वकील दर रविवारी नव्या साक्षी रचतो. खोटं बोलायचा परवाना लागत नाही, हे आमच्या गावाचं मोठंच भाग्य." असं बरंच. नगरला लोक खो खो हसले. कापड दुकानात एकानं मला चहा पाजला. तो चहा मी प्यालो, मामा. कप नुसता उचलला नाही.

पुढच्या रविवारी मागून कुणीतरी विचारलं, "नाना, ह्ये तुमी मनाचंच सांगता का वो?"

सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि छापून येणं वेगळं. तुम्ही उठलात, खुर्ची सोडून गोणपाटावर येऊन बसलात आणि तोंड मिटून घेतलंत. तासभर चाळीस माणसं मुक्यानं मुंग्या बघत बसली. आयुष्यात माझ्या लेखाचा इतका परिणाम कधी झाला नव्हता!

शेवटी सोनामावशीच खवळली. "नाना, तू बोल. खोटं तर खोटं. ह्यांना डोळं हायती, मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

तुम्ही उठलात. जाता जाता माझ्यासमोर थांबलात. "शब्द माझे आहेत, वसंतराव," तुम्ही म्हणालात. "घडलं ते पडद्यावरचं. न दिसलेलं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तंबूतबी न्हाई आन हितंबी न्हाई."

वसंतराव! जन्मभर 'भाचेबुवा' म्हणालेल्या माणसानं मला आदरानं हाक मारली. शिवी दिली असतीत तर एवढी लागली नसती. त्यानंतर तुम्ही मला वसंतरावच म्हणत राहिलात, जेवायला वाढतानासुद्धा. आणि मी? माफी मागणार होतो हो. रोज मागणार होतो. पण माझी जीभ दुसऱ्याला टोचायला जितकी चालते तितकी वाकायला वळत नाही. शिवाय तुम्ही का नाही मला एकदा झापलंत? लहानपणी गुळाच्या ढेपेला हात लावला तर पाठीत धपाटा घालायचा. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला पाठ नसते का?

मग तो आगीचा रविवार आला. टकल्यानं आरपाऱ्याला वखारीत कोंडायचा डाव केला आणि आग लागली तेव्हा स्वतःच आत अडकला. आरपाऱ्या भिंतीबाहेर उभा. आत जावं तर वैरी वाचतो, न जावं तर वैरी मरतो. त्यानं हात भिंतीला टेकवला. तुम्ही म्हणत होता, "वज्रभेदा, हा तोच, ज्यानं तुझं नाव धुळीला मिळवलं. आता काय करशील?"

आणि वीज गेली!

वीज आली तेव्हा पडद्यावर कुठलीशी बाई वीणा वाजवत होती. त्या रात्री गावात कुणाची चूल वेळेवर पेटली नाही. दोन तट पडले, वाचवलावाले आणि सोडलावाले. पैलवान सोडलावाल्यांचा म्होरक्या. "त्यानं का वाचवावा? टकल्यानं काय कमी छळलंय त्याला? करनी तशी भरनी!"

गुरुजी म्हणाले, "पैलवान, ज्याला भिंत अडवत नाही त्याला कायद्यानं तरी अडवायला नको का? नाहीतर तो उद्या तुमच्या घरात शिरेल."

"शिरू द्या की. घरात हाय काय?"

मग पैलवानाची बायको मधे पडली, आणि मामा, मला तिचं म्हणणं अजून आठवतं. "गेल्या साली खडी फोडून फोडून माज्या हाताला घट्टं पडलं. तवा कुठं हुता ह्यो आरपाऱ्या? गोदामाच्या भिंतीतनं चार पोती भाईर काढली आस्ती तर पोरांनी दुवा दिली आस्ती. ह्यो जातो कुठं, तर श्रीमंताच्या तिजोरीची राखन कराया!"

"ती चोरी झाली असती," गुरुजी म्हणाले.

"आन पोरं उपाशी ऱ्हायली त्याला काय म्हंत्यात, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चौथीच्या वर्गात तोच प्रश्न निबंधाला दिला. गुरुजी आणि पैलवानाचं बोलणं बंद झालं. गाव तुमच्यामागं लागलं. नाना, तुम्हीच सांगा, वाचवला का सोडला? आणि तुमचं एकच उत्तर, "दिसलं न्हाई. सांगनार न्हाई." मी मनात म्हटलं, म्हातारा माझ्यावरचा राग गावावर काढतोय.

पुढच्या दोन रविवारी टकल्या दिसलाच नाही. त्याऐवजी इस्पितळातल्या खाटेवर एक नवाच माणूस, डोक्यापासून छातीपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. पैलवान म्हणाला, "मेला टकल्या. ह्यो दुसराच पाव्हना हाय." गुरुजी म्हणाले, "टकल्या पळाला, परत येईल." दोन्ही तट एकमेकांकडं बघत बसले होते. पडद्याकडं कोण बघतंय? आरपाऱ्या त्या खाटेशेजारी येऊन बसला तेव्हा मी गुरुजींच्या कानात काहीतरी विनोद करत होतो. त्या पट्ट्यांवरचाच होता. काय ते आठवतही नाही. गुरुजी मात्र हसले होते.

त्यानंतरच्या बुधवारी बाजारातून येऊन तुम्ही ओट्यावर टेकलात, शेजारच्या सुनेला म्हणालात, "पोरी, पाणी दे," आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत गेलात. मला कारखान्यात निरोप आला. एस.टी.त खिडकीशी बसून मी सुप्यापर्यंत फक्त एवढाच विचार करत होतो की आता मला वसंतराव कोण म्हणणार.

बशीरभाईनं तेरा दिवस पेटीवर चादर टाकली. चौदाव्यानंतरच्या रविवारी काढली, पण तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघवेना. अर्ध्यातच बंद केली.

तर आता कार्ड. मित्र लिहितो, "गृहस्था, तुझा टकला वाचला आहे. त्या बुरखेवाल्यानं भिंतीतून शिरून त्याला ओढून काढला. पुढच्या भागांत इस्पितळात पट्ट्या बांधलेला माणूस आहे ना, तोच तो. डॉक्टर त्याला नावानं हाक मारतो. तुमच्या पेटीला वाचा नाही म्हणून तुम्हाला कळलं नसेल. मधले रविवार नुसत्या मोटारी पळाल्या, काही चुकलेलं नाही. येत्या रविवारी पट्ट्या सुटणार आहेत. आत्म्यास शांती लाभो."

मी नाचायचाच बाकी होतो! गावानं पाच आठवडे डोकी फोडली आणि उत्तर समोर खाटेवर पडलेलं! पैलवान, गुरुजी यांना सांगायच्या आधी सोनामावशीला सांगावं, तिला सगळ्यांत आनंद होईल, म्हणून धावत गेलो. म्हटलं, "मावशी, पट्टीवाला म्हणजेच टकल्या! आरपाऱ्यानं वाचवला त्याला!"

ती शेंगा फोडत होती. हात थांबलासुद्धा नाही. "आता कळलं व्हय तुमाला? नाना बोलला न्हवता का?"

"मामा? मामा कधी बोलले?"

"त्याच्या शेवटच्या ऐतवारी. त्यो म्हनला न्हाई का, 'खाटेच्या उशाशी तीच काठी, चकाकत्या मुठीची'? दुसऱ्या कुनाची आसनार? डोळेवाली म्हनवता आन!"

मामा, तुम्हाला दिसलं होतं! आणि दिसलं तसं तुम्ही सांगितलंत, मोठ्यानं, चाळीस जणांसमोर. एकट्या सोनामावशीनं ऐकलं. आम्ही बाकीचे वाद घालत होतो की सांगत का नाही.

मग मावशी म्हणाली, "आन पुढं काय बोलला, ते तरी ऐकलंस का? आरपाऱ्या टकल्याला म्हनला ते?"

"नाही, मावशी."

तिनं शेंगा बाजूला सारल्या आणि तुमचे शब्द सांगितले, तुमच्या तंबूतल्या भाषेतले नव्हे, घरातल्या. "'तुझं बोलनं मला लागलं. लई लागलं. पन लागलं म्हनून भिंतीपल्याड जळाया सोडून येतो व्हय मी तुला? तू माझा हायस.' मी तवाच म्हनलं, बघा, बाप-लेक हायती का न्हाई! पन एक सांगू का, वसंता? नाना पडद्याकडं तोंड करून बोलायचा तवा त्याचा आवाज मला पाठमोरा यायचा. ह्ये बोलताना आवाज उलटा फिरला. मागं लोकांत गेला. तू कुठं बसला हुतास?"

"तिसऱ्या रांगेत," मी म्हणालो.

"मंग तिकडंच गेला त्यो."

म्हणून मघाशी लिहिलं, काल तेही उरकलं.

तुम्ही मला माफ केलं होतं, मामा! चारचौघांत, खणखणीत आवाजात. आणि मी त्याच क्षणी दुसऱ्याच्या कानाला लागून विनोद करत होतो! हे तुम्ही बघितलंत का? बघितलं असणार. पडद्याचा कोपरान् कोपरा बघणारे तुम्ही. तरी वाक्य पुरं केलंत. थोडं थांबायचं होतं ना! माझ्या नावानं हाक मारायची होती! पण मग तो वज्रभेद राहिला नसता, आणि पडद्यावरचं सोडून बोलणं तुमच्या धंद्यात बसत नव्हतं. कळतं मला. उशिरा कळतं, पण कळतं.

आज सकाळी सगळ्यांना कार्ड वाचून दाखवलं. पैलवानानं गुरुजींच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा पडता पडता राहिला. बोलणं सुरू झालं. लगेच नवा वादही सुरू झाला, की एवढं होऊन टकल्या सुधारतो का नाही. पैलवान म्हणतो, "सुधारायचा न्हाई. मूळ सोभाव हाय." गुरुजी म्हणतात, "माणूस एकदा हातानं ओढून बाहेर काढला की बदलतो." पैलवानाची बायको म्हणते, "सुदारला तर आदी वखारीतली पोती वाटाया सांगा."

बशीरभाईनं मात्र मला बाजूला घेतलं आणि खणातून एक लहानशी डबी काढली. व्हॉल्व्ह. दिवाळीपासून त्याच्याकडं पडून होता. "नानांच्या हयातीत बसवायचा न्हाई, असं मीच ठरिवलंतं," तो म्हणाला. "आता काय करू, तुमी सांगा."

मी सोनामावशीला विचारलं. इंग्रजी आवाज सुरू झाल्यावर सगळ्यांत जास्त तीच गोष्टीबाहेर राहणार. ती म्हणाली, "बसव की. चाल ऐकली, आता आवाज ऐकू दे. आवाजावरनं तर घरानं कळतंच! पन काय दिसतंय ते मला कुनीतरी सांगाया पायजे."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज राहिली नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मावशी तर अगदी नेमकी माझ्याच दिशेला.

तर ठरलं आहे ते असं. रविवारी तुमच्या खुर्चीवर मी बसणार. गुरुजी शेजारी बसून इंग्रजीचा अर्थ सांगणार, जेवढा त्यांना लागेल तेवढा. दिसेल ते मी मावशीला सांगणार. मला तुमचा तंबूचा आवाज येणार नाही. लोक हसतील. हसू देत, माझ्यावर हसायची त्यांची पाळी कधीची राहिली आहे. आणि पुढच्या आठवड्यात माझ्या सदरात तो लेख चुकीचा होता असं मी लिहिणार आहे, एकही विनोद न करता. संपादक विचारतील, बरं नाही का?

पण त्याच्या आधी एक काम आहे. तुमच्या आरपाऱ्यानं टकल्याला जे विचारलं त्याचं उत्तर टकल्यानं दिलेलंच नाही. मावशीला पक्कं आठवतंय, तुम्ही ते रिकामं सोडलंत. रविवारी पट्ट्या सुटतील, तोंड मोकळं होईल आणि तो बोलेल. बशीरभाईला मी सांगून ठेवलं आहे की तेवढं एक मिनिट आवाजाचं बटण बंद ठेवायचं. टकल्याच्या वाटचं मी बोलणार आहे. सगळ्या गावासमोर, मोठ्यानं, मागं न वळता, पडद्यावरच्या तुमच्या आरपाऱ्याकडं तोंड करून.

काय बोलणार, ते इथं लिहीत नाही. लिहिणं मला फार सोपं जातं, मामा. म्हणून ते तोंडानंच सांगणार आहे.

तुमचा,
वसंता